रुमालावरची चिठ्ठी

गेल्या उन्हाळ्यात पणजोबांच्या नावाची जमिनीची एक नोंद शोधण्यासाठी मी बेळगाव जिल्ह्यातल्या तालुक्याच्या एका कचेरीत गेलो. दोन खेपा 'नाळे बर्री', म्हणजे कन्नडमध्ये 'उद्या या', ऐकण्यात गेल्या आणि तिसऱ्या खेपेस रेकॉर्ड रूममधून एक रुमाल बाहेर आला. विटलेल्या लाल कापडाची गाठ सुटली, तेव्हा आत लांबट, कडा झडलेले कागद होते आणि त्यांवर एका ओळीत सलग ओढलेली मोडी. तरुण कारकुनाने पान उलटसुलट करून मलाच विचारले, "याव लिपी री इदु?" लिपीचे नाव मला सांगता आले, अक्षर मात्र एकही लागले नाही. कागद त्याच्या ताब्यात होता पण भाषा त्याची नव्हती, आणि भाषा माझी असून लिपी माझ्या घरातून आजोबांबरोबरच गेली होती.

अभिलेखागारे सर्वांना खुली करावीत, असे म्हणताना आपण बहुधा स्कॅनिंगविषयी बोलतो. आमच्या भागात अडचण त्याच्या आधीच सुरू होते, कारण कागद नेमका कोणत्या गावी आहे हेच मुळात कळत नाही. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या दिवशी तो म्हैसूर राज्यात गेला, पण चंदगड तालुका तेवढा वगळला गेला आणि आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. शहरालगतचे शहापूर तर संस्थाने विलीन होईपर्यंत सांगलीकरांकडे होते. त्यामुळे एकाच घराण्याचा माग काढायचा, तर पुण्याचे पेशवे दफ्तर, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले अभिलेखागार, कोल्हापूर आणि बेंगळुरू अशी यात्रा करण्याची तयारी ठेवावी लागते. (सीमाप्रश्नावर आमच्याकडे कोणीही तासभर बोलेल, कागद कुठे आहेत असे विचारले की चहा मागवला जातो.)

म्हणून मला स्कॅनपेक्षा सूची महत्त्वाची वाटते. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर आज घरबसल्या शोध घेता येतो, ही मोठीच सोय आहे. परंतु सूचीत जे शब्द लिहिले गेले तेच शोधात सापडतात. 'किरकोळ पत्रव्यवहार' एवढीच नोंद असेल, तर त्यातले माझे गाव कोणत्याही यंत्राला दिसणार नाही. शिवाय 2014 पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी आहे, मराठी कागदांत ते बेळगाव आहे आणि इंग्रजी दफ्तरात बेलगाम. आजचा बैलहोंगल तालुका जुन्या कागदांत संपगाव म्हणून येतो. ही सगळी नावे एका नोंदीखाली आणणारी सूची मोडी, मराठी आणि कन्नड जाणणारी माणसे एकत्र बसवूनच होईल.

निवडक कागद छापण्याचा मार्गही आहेच. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडीचे 45 खंड 1930 ते 1934 या काळात सिद्ध केले आणि अभ्यासकांना दार उघडले. तरीही निवड ही संपादकाची असते, आणि मराठ्यांच्या राजकारणाचा शोध घेणाऱ्या संपादकाला माझ्या पणजोबांचे चार बिघे कशाला हवे होते?

चौथ्या खेपेस मी गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांना बरोबर नेले. चष्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांजवळ धरून त्यांनी पहिले पान वाचले. ती वही आमच्या गावची नव्हतीच, ओढ्यापलीकडच्या गावची होती. कारकुनाने मास्तरांना गावाचे नाव आणि साल पुन्हा विचारले, दोन्ही कन्नडमध्ये एका चिठ्ठीवर लिहिले आणि रुमाल बांधताना ती गाठीखाली खोचली. मग आपणहून आत जाऊन तो शेजारचा रुमाल घेऊन आला.