तिसरं कडवं

पाडव्याच्या पहाटे चार वाजता मी भाच्याला हलवून उठवलं तर तो म्हणाला, "आत्या, अभ्यंगस्नान झालं की गं. परत कशाला?"

"आंघोळीला नाही, गाण्याला," मी म्हटलं. तो पांघरुणात आणखी खोल गेला. पलीकडून आमच्या यजमानांचा आवाज आला, "ऊठ बाबा, ऊठ. तू गेलास तर मी सुटतो."

चौदा वर्षं झाली, पाडव्याची पहाट मी घरात काढलेली नाही. पाडव्याला बायकोनं नवऱ्याला ओवाळायचं असतं. आमच्याकडे ते सकाळी दहाला, मी गाणं ऐकून परत आल्यावर होतं. तोवर यजमान झोपलेले असतात, त्यामुळे तक्रार नाही. ओवाळणीत मात्र दरवर्षी शंभराचीच नोट. तिथं कुठं राग निघतो की काय, मला शंका आहे.

आता ज्यांच्यासाठी एवढं करायचं त्या मंडळींचं नाव मी सांगणार नाही. एक तर दृष्ट लागते. दुसरं म्हणजे नाव कळलं की लोक लगेच यूट्यूबवर शोधतात, आणि तिथं त्यांचा जो एकुलता एक व्हिडिओ आहे त्यात निम्मा वेळ कॅमेरा समईवर आहे. एकूण सहा जण. गाणारे अण्णा आमच्या बेळगावातल्या वडगावात पॉवरलूम चालवतात. जन्मभर मागाच्या खटखटीत राहिल्यामुळे त्यांची लय पक्की झाली की कान गेले, यावर आम्हा चाहत्यांत दोन तट आहेत. पेटीवाले सर हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाले. तबल्यावर एका मिठाईच्या दुकानातला पोरगा. दिवाळीचे चार दिवस कुंदा घोटून घोटून त्याचे दंड भरून आलेले असतात, म्हणून पाडव्याला तो जरा जपून वाजवतो आणि त्यामुळेच बरं वाजवतो. टाळाला एकजण, आणि मागे सूर धरायला दोघी जावा. घरी त्यांचं एकमेकींशी पटत नाही म्हणतात. मंचावर एकीचा सूर संपायच्या आत दुसरीचा लागलेला असतो.

मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते गल्लीतल्या एका वास्तुशांतीला. गेले होते जेवायला. पंगत उठेपर्यंत बाहेरच्या ओट्यावर ही मंडळी गात होती, आणि ताटावर बसायला मला तीन वेळा बोलावावं लागलं. चाहता होणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. वरण गार होतं आणि माणसाला कळत नाही.

भाचा पुण्याचा. त्याचे कान लाडावलेले. तिकडे थंडीत सवाई गंधर्व महोत्सव, एरवी रोज कुणी ना कुणी मोठं नाव. स्कूटरवर मागे बसून शहापुरातून गोवावेसपर्यंत येईतो तो एकच वाक्य बोलला, "कोण आहेत हे? ऐकलं नाही कधी नाव." झालं. टिळकवाडी येईपर्यंत मी त्याला सोडलं नाही. म्हटलं, सवाई गंधर्व कुठले? कुंदगोळचे, म्हणजे धारवाडकडचे, आमच्याकडचेच. भीमसेन जोशी गदगचे. कुमार गंधर्व जन्मले ते सुळेभावीत, इथून सकाळी निघालं तर नाश्त्याला परत घरी. आणि आपण आत्ता चाललोय त्या टिळकवाडीच्या बाजूला 1924 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. गांधीजी अध्यक्ष, आणि त्यांच्यापुढे स्वागतगीत म्हणायला अकरा वर्षांची एक मुलगी उभी राहिली. ती पुढे गंगूबाई हनगल झाली. मागून काहीच उत्तर येईना. आरशात बघितलं तर डोळे मिटलेले.

मैदानावर पोचलो तेव्हा अंधारच होता. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, दिवाळीत पहाटेचं दव असं पडतं की खुर्च्या पुसून घ्याव्या लागतात. मी घरून फडकं नेते. माझी जागा ठरलेली, उजवीकडे तिसरी रांग, कडेची खुर्ची. तिथून सरांची पेटीवरची बोटं दिसतात. आजूबाजूची माणसंही ठरलेली. कॅम्पातले थर्मासवाले काका. खानापूरहून आदल्या रात्रीच येऊन भावाकडे उतरणाऱ्या दोघी बहिणी. बैलहोंगलच्या एक अक्का, ज्यांना मराठी समजतं पण बोलायला लाज वाटते. माझं कन्नड तसंच. आम्ही दोघी दरवर्षी एकमेकींकडे बघून मान हलवतो, अक्का "भाळ चलो हाडतार री", म्हणजे फार छान गातात हो, असं म्हणतात, मी "हौदु, हौदु", हो, हो, म्हणते, आणि आमचं वर्षाचं बोलणं संपतं. यांतल्या एकाचंही नाव मला माहीत नाही. पण एखादी खुर्ची रिकामी दिसली तर पोटात गोळा येतो.

दवानं तबला उतरला होता. पोरगा हातोडीनं गट्टे ठोकत बसला. दहा मिनिटं नुसती ठकठक. भाच्यानं घड्याळ बघितलं. हे मला दिसलं, कारण मी मंचाकडे बघतच नव्हते.

इथं एक कबूल करायला हवं. आपल्याला जे गाणं आवडतं तिथं दुसऱ्या माणसाला घेऊन गेलं की आपलं ऐकणं संपतं. आपण त्याच्या तोंडाकडे बघत बसतो. पोरीला बघायला पाहुणे आल्यावर आई जशी पाहुण्यांच्या हातातल्या पोह्यांच्या बशीकडे बघते ना, तसं. खाताहेत का? चमचा थांबला का? मीठ कमी झालं का?

सुरुवात संस्कृत स्तोत्रानं. यामागे कारण आहे. पूर्वी तुकोबांचा मराठी अभंग आधी की पुरंदरदासांचं कन्नड पद आधी, यावर संयोजकांत आणि ऐकणाऱ्यांत रुसवेफुगवे व्हायचे. सरांनी गणितातल्यासारखा तोडगा काढला, आधी संस्कृत, मग चिठ्ठी टाकून. कोर्टात महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा 2004 पासून पडून आहे, सरांच्या चिठ्ठीला अर्धं मिनिट लागतं. या वर्षी पुरंदरदास आधी आले. पदात शेवटी 'पुरंदर विठ्ठल' आला की आमच्याकडचे वारकरीसुद्धा हात जोडतात. विठ्ठल आला म्हटल्यावर भाषा कोण विचारतो.

मग सरांनी एकट्यानं पेटीवर ललत धरला, पहाटेचा राग. बेळगावात पेटी वाजवणं म्हणजे पैलवानाच्या गावात दंड थोपटणं आहे. पं. रामभाऊ विजापुरे इथंच राहिले, पिढ्यानुपिढ्या शिकवलं, त्र्याण्णव वर्षं जगले. त्यामुळे या गावात ज्याला पेटी येत नाही त्यालाही पेटीतली चूक कळते. ऑल इंडिया रेडिओनं 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती तीस वर्षं टिकली, का तर म्हणे पेटीतून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही. निघत नाही हे खरं. पण सर ललतातले दोन मध्यम, शुद्ध आणि तीव्र, शेजारी शेजारी असे ठेवतात, की मधली जागा आपल्या कानालाच भरावी लागते, आणि कान ती भरतो. मी भाच्याकडे बघितलं. त्यानं मोबाइल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. तो काय ऐकत होता देव जाणे, पण पुण्याच्या माणसानं मोबाइल काढला याचा मला इतका आनंद झाला की सरांची शेवटची तान माझी ऐकायचीच राहिली.

आणि मग सत्कार. दिवाळी पहाट नावाच्या गोष्टीला लागलेला हा किडा आहे, माझं स्पष्ट मत आहे. ललत हवेत आहे, पूर्वेला नुकतं फटफटलंय, आणि माइकवर कुणीतरी म्हणतं, "मी जास्त वेळ घेणार नाही." शाल, नारळ, गुच्छ, फोटो. ज्यांनी मांडव दिला त्यांचा, ज्यांनी खुर्च्या दिल्या त्यांचा, जे यायचे होते पण आले नाहीत त्यांच्या प्रतिनिधीचा. पंचवीस मिनिटं! तोवर ललतची वेळ सरून गेली. अण्णा मांडी घालून शांत बसले होते. थर्मासवाल्या काकांनी मला चहा दिला, भाच्यालाही दिला, आणि हळूच विचारलं, "याला तिसऱ्या कडव्याचं सांगितलंय काय?"

सांगायचं राहिलंच होतं. तुकोबांचा एक अभंग अण्णा दरवर्षी घेतात, आणि तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ दरवर्षी विसरतात. विसरले की थांबत नाहीत. डोळे मिटतात, वरच्या षड्जावर जातात, आणि शब्दांऐवजी नुसता 'आ'कार घेत खाली उतरतात. तोवर धाकटी जाऊ मागून हळूच शब्द पुरवते. हा उतार म्हणजे त्यांच्या सगळ्या गाण्यातली सगळ्यात सुंदर जागा आहे. आम्ही तेवढ्यासाठी येतो. चौदा वर्षांत फक्त एकदा त्यांना ओळ बरोबर आठवली. त्या वर्षी सगळे हिरमुसले होऊन घरी गेलो. खानापूरच्या थोरल्या बहिणीनं तर त्यांना गाठून तोंडावर विचारलं, "अण्णा, बरं नाही काय ओ?"

अभंग सुरू झाला. पहिलं कडवं. टाळ लागला. दुसरं कडवं, अण्णांनी ते दोनदा म्हटलं, म्हणजे पुढचं आठवायला वेळ काढताहेत. आम्ही सगळे खुर्चीत पुढे सरकलो. अक्कांनी पदर सावरला. धाकटी जाऊ माइकजवळ आली. अण्णांनी डोळे मिटले.

आणि मैदानाबाहेरून मोटारसायकली गेल्या.

बाहेरगावच्यांना हे समजावून सांगावं लागतं. पाडव्याला बेळगावात म्हशी पळवतात. गवळी लोक म्हशींना तेल लावून चकाचक करतात, शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात. मग पुढे सायलेन्सर काढलेली मोटारसायकल आणि तिच्या आवाजामागे म्हैस, उधळलेली, चारी पाय उचलून. बघण्यासारखं असतं, मी स्वतः लहानपणी गॅलरीतून टाळ्या पिटल्यात. खरा पळवायचा कार्यक्रम दिवस वर आल्यावर. पण पोरांना पहाटेपासून धीर नसतो, गाडीचा आवाज नीट निघतोय का ते बघायला ती गल्ली-गल्लीतून फिरतात. ती चार गाड्यांवर सात-आठ जणं त्या वेळी तिथून गेली. बरोबर त्या वेळी. अर्धं मिनिट मैदानावर दुसरं काही ऐकूच आलं नाही. अण्णांचं तोंड उघडं दिसत होतं, हात वर गेलेला दिसत होता, आणि ते गात होते की आकार घेत होते, काही कळेना. आवाज विरला तेव्हा अभंग तिसऱ्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीवर होता आणि तबल्याचा पोरगा हसत होता.

भैरवी झाली. झाली म्हणते, कारण माझं लक्ष नव्हतं.

नंतर उप्पीट आणि शिऱ्याच्या बश्या घेऊन आम्ही सगळे चाहते मंचाच्या कडेला जमलो. विषय एकच. काका म्हणाले, विसरले, नक्की विसरले, हात वर गेला तो काय उगीच? खानापूरच्या धाकटीचं म्हणणं, आठवलं, कारण मागच्या जाऊबाई गप्प होत्या. थोरली म्हणाली, गप्प नव्हत्या, ओठ हलत होते. अण्णांना विचारायला कुणी धजेना. विचारलं तर आपण दरवर्षी त्यांच्या विसरण्याला येतो हे त्यांना कळेल, ही एक भीती. पेटीवाल्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, "मी पेटी बघत होतो." खोटं. चौदा वर्षांत सरांनी पेटीकडे कधी बघितलेलं नाही. बैलहोंगलच्या अक्का मात्र सगळ्यांचं ऐकून घेऊन पहिल्यांदाच मराठीत बोलल्या, "गाडीवाल्यांस्नी पुढच्या वर्षी जेवाय बोलवा. आदल्या रात्री."

घरी आलो. शेजारच्या अंगणात शेणाचे पांडव मांडून झाले होते, त्यांच्या डोक्यावर झेंडूची फुलं. यजमानांना ओवाळलं, शंभराची नोट घेतली. भाचा गाण्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. करंज्या खाल्ल्या, झोपला, दुपारी म्हशी बघायला गेला. मी विचारलं नाही. पाहुण्यांना पोहे कसे झाले ते विचारायचं नसतं.

रात्री जेवणं झाल्यावर मला एकदम आठवलं. "अरे, तू रेकॉर्ड करत होतास ना? तिसऱ्या कडव्यापर्यंत केलंस?"

"सगळंच केलंय," तो म्हणाला. "मला ते ललत परत ऐकायचं होतं. पण आत्या..."

"पण काय?"

त्यानं काही न बोलता मोबाइल टेबलावर ठेवला आणि लावला. यजमानही कान टवकारून बसले. आधी तबल्याची ठोकठोक थोडी, मग पेटी. सर ललतात शिरले, आणि त्यांच्यावर एक बाईचा आवाज, अगदी जवळून, "हे बघ, आता दोन्ही मध्यम येतील हं." पेटी. "आला बघ. आला का नाही?" मग पंचवीस मिनिटं सत्काराची भाषणं आणि त्यावर सत्कार करणाऱ्यांच्या सात पिढ्यांबद्दल त्याच बाईची मतं. मग अभंग. पहिलं कडवं, "हा टाळ ऐक." दुसरं कडवं, "आता दोनदा म्हणणार, बघ."

अण्णांचा श्वास घेतल्याचा बारीक आवाज. "बघ, बघ, आता विसरणार!" आणि गाड्या.

भाच्यानं तेवढा भाग मागे नेऊन परत लावला. मग कानाला लावून लावला. यजमानांनी चष्मा घालून ऐकला. सायलेन्सर काढलेल्या चार मोटारसायकलींवरून स्पष्ट, एकही शब्द न गाळता ऐकू येत होते ते मीच.