छतावरचा दुसरा एसी: आमची वाटचाल

गाडीत दुसरा एसी बसवून द्या, असं आम्हाला पहिल्यांदा सांगितलं ते अकोल्याच्या एका कुटुंबानं. तोवर कॅरव्हॅनला, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीला, एक एसी पुरतो, असंच आम्ही धरून चाललो होतो. त्या कामात आम्ही चुकलो, चूक निस्तरली, आणि आज भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये सगळ्यात जास्त गाड्या याच कामासाठी येतात.

सुरुवात साधी होती. पुणे-नाशिक रस्त्यावर भाड्याच्या गाळ्यात मी आणि धाकटा भाऊ मोटारींच्या एसीत गॅस भरायचो. उन्हाळ्यात जेवायला फुरसत नसायची आणि पावसाळ्यात गाळ्याचं भाडं निघायची मारामार. म्हणून खासगी बसचे एसी धरले आणि तिथून गोरेगावच्या चित्रनगरीत उभ्या राहणाऱ्या व्हॅनिटी व्हॅनपर्यंत, म्हणजे कलाकारांच्या मेकअपच्या गाड्यांपर्यंत, पोचलो. एका व्हॅनमध्ये दोन-तीन खोल्या, प्रत्येक खोलीला घरात असतो तसा स्प्लिट एसी आणि सगळं जनरेटरवर. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा एसी आम्हाला पाठ होता. इंजिन बंद असताना २३० व्होल्टवर गाडी थंड कशी ठेवायची, ते व्हॅनिटीनं शिकवलं. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण आलं आणि आमच्याकडे चौकशा वाढल्या. चासीवर, म्हणजे गाडीच्या नुसत्या सांगाड्यावर, अख्खं घर आम्ही बांधत नाही. बांधलेल्या गाडीची वीज आणि एसी, एवढंच आमचं काम.

अकोल्याच्या गाडीत चौघं नवरा-बायको-मुलं आणि आजी. त्यांना मे महिन्यात ताडोब्याला जायचं होतं. पाणवठ्यावर वाघ दिसायची शक्यता उन्हाळ्यात जास्त, त्यामुळे ऐन उन्हात जाणं आलंच. गाडीत पुढच्या बाजूला १३,५०० बीटीयूचा छतावरचा एसी होता, म्हणजे सव्वा टनाच्या जरा आत. मागच्या पलंगापर्यंत त्याची हवा पोचत नव्हती. आम्ही त्याच्यामागे त्याच ताकदीचा दुसरा बसवला, शेडमध्ये दोन तास चालवून पाहिला, गार वारा आला, गाडी दिली.

आठ दिवसांनी मोहर्ली गेटजवळून फोन आला. मागचा एसी दहा मिनिटं चालतो आणि बंद पडतो. आजींना उन्हाचा त्रास होत होता. मी आणि भाऊ रात्रभर गाडी चालवून चंद्रपूरला पोचलो. दुपारी बारा वाजता छतावर चढलो आणि पुढच्या एसीच्या मागे हात धरला, तेव्हा चटका बसला. पुढच्या कंडेन्सरची, म्हणजे एसीच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाची, गरम हवा सरळ मागच्याच्या तोंडात जात होती. बाहेर ४५ अंश आणि मागचं यंत्र त्याहून किती तरी गरम हवा ओढत होतं. गॅसचा दाब वाढायचा आणि सुरक्षेचं बटण कॉम्प्रेसर बंद करायचं. शेडमध्ये हे दिसलं नाही, कारण तिथं सावली होती. चंद्रपुरातल्या एका फॅब्रिकेटरकडून ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून घेतला, दोन्ही यंत्रांच्या मधे तिरका बसवला आणि गरम हवा वर वळवली. संध्याकाळपर्यंत एसी एकदाही बंद पडला नाही. त्या कामाचे पैसे आम्ही घेतले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक गाडी द्यायच्या आधी दुपारी उघड्यावर उन्हात चार तास चालवतो, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

आणखी एक गोष्ट परतीच्या वाटेवर डोक्यात घोळत राहिली. त्या गाडीच्या छताला आतून नुसता प्लायवूड होता. साधारण १२ चौरस मीटरचा पत्रा उन्हात तापला आणि खाली इन्सुलेशन नसलं, तर एकट्या छतातून दीड-दोन किलोवॅट उष्णता आत येते. म्हणजे अर्धा टन एसी फक्त छताशी झगडतो. तिथं २५ मिलिमीटरचं नायट्राइल रबर किंवा फोमची शीट नीट चिकटवली, तर हीच उष्णता पाव-तिसऱ्या हिश्शावर येते. नीट चिकटवली म्हणजे लोखंडी बरगड्यांवरूनही, कारण बरगडी उघडी राहिली की उष्णता तिथूनच आत उतरते. उन्हाकडे तोंड असलेली काच तर याहून वाईट. म्हणून एसी मागायला आलेल्या माणसाला आम्ही आधी छत उघडून दाखवा म्हणतो. काहींना दुसऱ्या एसीऐवजी फक्त इन्सुलेशन आणि खिडक्यांना बाहेरून पडदे लावून परत पाठवलं आहे. मोठं बिल गेलं, याचं मला वाईट वाटत नाही.

लोक विचारतात, दोन कशाला, एकच दोन टनी बसवा ना. कोकणात जाणाऱ्यांना मी हे आवर्जून समजावतो. तारकर्लीला रात्री पारा खाली येतो, पण हवा ओली असते. मोठा एसी खोली पाच मिनिटांत गार करतो आणि थांबतो. हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. अंगाखालची गादी दमट लागते, गाडीला वास येतो. दोन लहान असले की दुपारी दोन्ही चालतात, रात्री झोपायच्या बाजूचा एकच सावकाश चालत राहतो आणि हवा कोरडी करतो. एक बिघडला तर दुसरा असतो, हेही आलंच. म्हणूनच आमच्या जॉबकार्डवर पहिला प्रश्न असतो: रात्री कोण कुठं झोपतं?

खरी डोकेफोड विजेची. असा एक एसी चालू असताना साधारण १,६०० वॅट, म्हणजे सात अँपिअर घेतो. दोन म्हणजे चौदा. हॉटेलच्या आवारात किंवा रिसॉर्टवर आपल्याला मिळतो तो १६ अँपिअरचा सॉकेट. त्यात फ्रिज आणि दिवे आले की संपलं. कुणी दोन किलोवॅटचा गीझर लावला की एमसीबी पडणारच. त्यात साधा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चार-पाच पट करंट ओढतो. पहिला चालू असताना दुसरा उठला की लहान जनरेटर घुसमटतो. यावर आम्ही तीन गोष्टी करतो. दोन्हींना सॉफ्ट स्टार्टर लावतो, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू होतानाचा करंटचा झटका कमी होतो. दुसऱ्याला टाइमर लावतो, म्हणजे दोन्ही एकदम उठत नाहीत. आणि गीझर चालू झाला की दुसरा एसी आपोआप थांबेल असा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, देतो. प्रत्येक एसीची वायर आणि एमसीबी वेगळी. एकाच वायरवर दुसरा जोडून दिलेली गाडी आमच्याकडे आली होती, प्लगची पिन काळी पडलेली. आत माणसं झोपतात, हे ज्यानं ते काम केलं त्याच्या लक्षात कसं आलं नाही, कोण जाणे.

बॅटरीवर दोन्ही चालतील का? चालतील, पण किती वेळ, ते गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडतो. ४८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साडेनऊ युनिट. दोन्ही एसी सलग चालले तर तीन तासांत खलास. रात्री एकच, तोही थांबत-थांबत चालला, तर सकाळ होते. सोलरचं म्हणाल तर दुसरा एसी पॅनेलची जागा खातो. छत एकच आहे.

छत कापायचं काम आमचे मिस्त्रीकाका स्वतः करतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. चौदा इंच बाय चौदा इंचाचं भोक, पण बरगडी कापायची नाही. दोन बरगड्यांच्या मधे बसत नसेल तर जागा बदलायची आणि खालून चौकट द्यायची. एका यंत्राचं वजन ३५ ते ४५ किलो असतं, घाटातल्या खड्ड्यांत ते पत्र्यावर हादरत राहतं. यंत्र आणि छत यांच्या मधल्या मऊ पट्टीला, म्हणजे गॅस्केटला, सीलंट लावायचं नाही, चारही बोल्ट सारखे आवळायचे, गॅस्केट निम्मं दबलं की थांबायचं. जास्त आवळलं की ते चेपतं आणि पहिल्याच पावसात पाणी पलंगावर. काकांचा पाना हातात घेऊन मी स्वतः ते शिकलो, वयाच्या चाळिशीत.

मग गाडी वजनकाट्यावर जाते. पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा मोजतो, पाण्याची टाकी भरून. दोन गाड्यांना आम्ही यावरूनच नाही म्हटलं, मागचा ॲक्सल आधीच मर्यादेला टेकलेला होता. उंची वाढते तीही मोजतो आणि चालकाला समोर दिसेल अशी डॅशबोर्डवर लिहून देतो. कागदपत्रांचंही पहिल्याच दिवशी सांगतो: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही. आरटीओत विचारून या, मग छताला करवत लावू.

आज आम्ही नऊ जण आहोत. अकोल्याची ती गाडी दर वर्षी सर्व्हिसला येते, आणि मधला तो चंद्रपुरी पत्रा आम्ही अजून बदललेला नाही, नुसता रंगवला आहे.

एक विनंती आहे. दुसरा एसी हवा असेल तर मार्चमध्ये येऊ नका. तेव्हा सगळे येतात. इन्सुलेशन, वायरिंग, छत, पाण्याची चाचणी आणि उन्हातली चाचणी धरून या कामाला दहा-बारा दिवस लागतात आणि त्यातला एकही आम्ही कमी करत नाही. दिवाळी झाली की या.