कल्चर नाही तर नाव नाही?

माझ्या संगणकावर ‘बिन_४७’ नावाची फाइल आहे. आत एका जिवाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए. तळ्याच्या गाळातला सगळा डीएनए एकत्र वाचायचा, एकमेकांशी जुळणारे तुकडे वेगळे काढायचे, की असे बिन हाती लागतात. हा जिवाणू कुणी प्रयोगशाळेत वाढवलेला नाही, म्हणजे त्याचं कल्चर नाही.

त्याला लॅटिन नाव द्यायचं तर जिवाणूंच्या नामकरणाची जुनी संहिता आडवी येते. नव्या प्रजातीचं जिवंत कल्चर दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करा, मगच नाव. १९९०च्या दशकात ‘कॅन्डिडेटस’ या तात्पुरत्या नावाची पळवाट निघाली खरी, पण त्या नावाला अग्रहक्क नव्हता. दुसऱ्याने त्याच जिवाणूचं वेगळं बारसं केलं, तर दाद कुठे मागायची?

गंमत बघा. कुष्ठरोगाचा जिवाणू कृत्रिम माध्यमावर आजही वाढत नाही. त्याला उंदराचा तळपाय नाहीतर आर्माडिलो हा कवचधारी प्राणी लागतो. तरी मायकोबॅक्टेरियम लेप्री हे नाव पक्कं, कारण संहितेच्या १९८०च्या मान्य नावांच्या यादीत ते होतं. उलट समुद्रभर पसरलेला पेलाजिबॅक्टर हा जिवाणू २००२मध्ये प्रयोगशाळेत वाढला, तरी पुढे कित्येक वर्षं कॅन्डिडेटसच! जुन्यांना माफी, नव्यांना रांग.

डीएनए क्रमालाच प्रजातीचा नमुना माना, हा प्रस्ताव २०२०मध्ये फेटाळला गेला. म्हणून २०२२मध्ये सीककोड ही वेगळी संहिता आली. तिथे जीनोम चालतो; तो ९० टक्क्यांहून जास्त पूर्ण आणि भेसळ ५ टक्क्यांहून कमी असावी, एवढी अपेक्षा.

मी सीककोडच्या बाजूचा. पण ती भेसळ मला छळते. जीनोममध्ये एकदाच असायला हवीत अशी काही जनुकं असतात. त्यातलं एखादं दोनदा दिसलं, की परका तुकडा घुसलाय असं समजायचं. मात्र ज्या परक्या तुकड्यावर असं जनुकच नाही, तो या चाळणीतून सहज निसटतो. शिवाय बिन म्हणजे एका पेशीचा जीनोम नव्हेच, असंख्य पेशींची गोळाबेरीज. कल्चरवाले यावर बोट ठेवतात तेव्हा त्यांचं चुकत नाही.

पण ‘आधी वाढवा, मग बोला’ हा त्यांचा उपाय मला पटत नाही. प्रोमिथिआर्कियम हा आर्किया (जिवाणूंहून वेगळ्या गटातला एकपेशीय जीव) वाढवायला जपानी गटाला १२ वर्षं लागली. एवढा धीर आणि पैसा किती जणांकडे असतो? त्यापेक्षा नाव देणाऱ्याने मूळ कच्चा डेटा खुला ठेवावा. कुणाला शंका आली तर त्याने तुकडे नव्याने जुळवून बघावेत, आणि बिन चुकीचा निघाला तर तसं खुशाल छापावं.