गणपतीपर्यंत होईल का?

जून सरत आला की हा प्रश्न सुरू होतो. विचारणारे बहुतेक ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणारे, नाहीतर कॉलेजच्या बँडमधली पोरं. "दादा, काळा आहे, लाल करून हवाय. गणपतीपर्यंत होईल का?" आमच्या वरच्या मजल्यावरचे काकाही हेच विचारतात, पण त्यांना मखराला सोनेरी रंग हवा असतो.

नाही होणार. मखराचं होईल, बेसचं नाही. नुसतं नाही म्हटलं की लोकांना वाटतं हा भाव खातोय. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हा माझा धंदा नाही. नोकरी वेगळी आहे. जुने, टवके उडालेले बेस घ्यायचे किंवा ओळखीतल्यांचे आणायचे, त्यांचा रंग उतरवायचा, लाकूड घासायचं, नवा रंग चढवायचा, आतली वायरिंग बदलायची, आणि परत वाजते करायचे, एवढाच नाद. गिरगावात राहतो म्हणून तो परवडतो. पॉलिश पेपर आणि स्क्रू नागदेवी स्ट्रीटला, पॉट (आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालचा भाग) आणि जॅक (वायर खुपसायची जागा) लॅमिंग्टन रोडला, दोन्हीकडे चालत जाता येतं. रंगासाठी मात्र कुर्ल्याला जावं लागतं, सीएसटी रोडच्या बाजूला, जिथे गाड्यांचे रंग मिसळून देतात.

गाड्यांचा रंग गिटारला कसा, असं वाटेल. पण इलेक्ट्रिक बेसचा आणि गाड्यांच्या रंगाचा संबंध पहिल्यापासूनचा आहे. अमेरिकेतला गिटार बनवणारा लिओ फेंडर, त्याने 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि 1960 मध्ये जॅझ बेस. त्या काळात फेंडरचे खास रंग म्हणजे ड्यूपाँट कंपनीचे गाड्यांचेच रंग असायचे, ड्यूको आणि ल्यूसाइट. ज्याला आज लोक लेक प्लॅसिड ब्लू म्हणून जीव टाकतात तो कॅडिलॅकचा रंग, आणि फिएस्टा रेड फोर्डच्या थंडरबर्डचा. नेहमीचा रंग नको असेल तर किमतीवर 5 टक्के जादा द्यायचे आणि हवा तो मागायचा. त्यामुळे कोणी माझ्याकडे बुलेटच्या टाकीचा फोटो घेऊन आला आणि म्हणाला "हा हिरवा पाहिजे", तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. परंपरेला धरूनच आहे.

आता गणपतीचं. गणपती येतात भाद्रपदात, म्हणजे काम करायचं आषाढ-श्रावणात. जुलैत एकट्या सांताक्रूझला सरासरी 800 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पाऊस थांबलेला असतानाही हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास असते. भिंतीला हात लावला तर ओल लागते, मीठ पाझरतं, चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते. अशा हवेत लॅकर मारायचं म्हणजे काय होतं ते बघा.

रंगाच्या दुकानात ज्याला एनसी म्हणतात ते नायट्रोसेल्युलोज लॅकर. त्यात भरपूर थिनर असतो. गनमधून फवारा बसला की थिनर झपाट्याने उडतो, आणि उडताना पृष्ठभाग थंड करतो. हवा दमट असली की त्या थंड पृष्ठभागावर बाष्प धरतं आणि सुकत्या थरात अडकून बसतं. काळा बेस बघता बघता दुधाळ होतो. गोदरेजच्या कपाटाला रंग मारणाऱ्या कुठल्याही रंगाऱ्याला विचारा, तो श्रावणात लॅकरला हात लावत नाही. त्यावर इलाज आहे, रिटार्डर थिनर घालायचा म्हणजे तो सावकाश उडतो आणि पाणी धरत नाही. पण सावकाश उडतो म्हणजे रंग जास्त वेळ ओला राहतो, ओघळ येतात, आणि पावसाळ्यातल्या त्या चिमुकल्या उडत्या किड्यांना ओल्या लॅकरवर बसायला फार आवडतं.

"मग पीयू मार ना," असं जाणकार सांगतात. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. त्यात रंगाबरोबर हार्डनर येतो, दोन्ही मिसळले की रासायनिक क्रिया होऊन थर घट्ट होतो. पण हार्डनरमधल्या आयसोसायनेटला पाणीही तितकंच आवडतं. हवेतल्या ओलीशी त्याची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बारीक बारीक बुडबुडे आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. शिवाय आयसोसायनेट फुप्फुसाला वाईट. कोविडमधला उरलेला एन-95 लावून पीयू मारणारे पाहिलेत, त्यांना हात जोडून सांगतो की त्या मास्कने धूळ अडते, वाफ अडत नाही. कोळशाच्या डब्या लावलेला मास्क घ्या आणि उघड्यावर मारा. उघड्यावर म्हणजे गच्चीत, आणि गच्चीत जुलैत पाऊस. आलो परत तिथेच.

बरं, हवा कोरडी असती तरी वेळ लागतोच. लोकांना वाटतं रंग मारणं म्हणजे काम. रंग मारायला एक दुपार पुरते. आधी जुना रंग काढावा लागतो, आणि कारखान्यातून आलेल्या हल्लीच्या स्वस्त बेसवर पॉलिएस्टरचा थर इतका जाड असतो की पॉलिश पेपरने काढायला बसाल तर कोपर निखळेल. तिथे हीट गन आणि पत्रा. गन एका जागी धरली तर खालचं लाकूड करपतं, म्हणून हलवत राहायचं, आणि थर फुगला की पत्रा सरकवायचा. कधी कधी हातभर लांब ढलपी अख्खी निघते, त्याचं सुख सांगता येत नाही. कधी नुसतेच तुकडे उडतात.

मग घासणं. 120 नंबरने सुरुवात, 220, 320. शिरेच्या दिशेने घासायचं, आडवं नाही. आडव्या रेघा कच्च्या लाकडावर दिसत नाहीत, रंग चढल्यावर उठून दिसतात. लाकूड अ‍ॅश किंवा महोगनीचं असेल तर त्याची छिद्रं फिलरने भरायची. आल्डरला ती गरज नसते. बासवूड मऊ असतं, त्याला नखाने खड्डा पडतो, पण ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री फिरवली की दबलेले तंतू फुगून वर येतात. हे काम मला सगळ्यात आवडतं. बायकोला इस्त्री परत हवी असते, त्यामुळे ते लवकर आटपावं लागतं.

रंगाच्या आधी दोन गोष्टी मी कधी चुकवत नाही. नेक, म्हणजे बेसचा लांब दांडा, जिथे बसतो त्या खाचेला मास्किंग टेप लावतो, कारण खाचेत रंगाचा थर साचला तर नेक घट्ट बसतो आणि स्क्रू आवळताना कडेचा रंग तडकतो. आणि स्क्रूच्या प्रत्येक भोकाची कड किंचित खोलगट करून घेतो, म्हणजे पुढे स्क्रू पिळताना वरच्या क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक थराचा, टवका उडत नाही. बाकी प्रायमर, रंगाचे दोन-तीन पातळ हात, वर क्लिअरचे हात, हे कुठलाही गाडीचा रंगारी माझ्यापेक्षा चांगलं करील. नेकच्या खाचेत एक लाकडी पट्टी ठोकायची आणि तिच्या आधाराने बॉडी तारेला लटकवायची, म्हणजे सगळ्या बाजूंनी गन फिरते.

आणि मग थांबायचं. लॅकर वरून तासाभरात सुकतं, आतून थिनर निघून जायला तीन-चार आठवडे घेतं. त्याआधी 1500-2000 नंबरच्या पाण्याच्या पेपरने घासून रबिंग केलं, तर आज आरसा दिसेल, पण महिन्याने थर आकसून खालच्या शिरा आणि जुन्या रेघा वर येतील. लोकांना हाच भाग पटत नाही. "सुकलाय की रे!" म्हणत अंगठा लावून बघतात. अंगठ्याचा ठसा राहतो. पूर्ण मुरल्यावरही हे लॅकर स्वतःच्या थिनरमध्ये परत विरघळतं, इतकंच काय, स्टँडच्या रबराशीही त्याचं जमत नाही, टेकवून ठेवला तर तिथे चिकट डाग पडतो. पांढरा कालांतराने पिवळसर होतो आणि निळा हिरवटाकडे झुकतो. तरीही लोक त्याच्यावर मरतात, मीही. पण रोज कार्यक्रमात वापरायचा बेस असेल तर पीयूच घ्या, असंच सांगतो.

कोरडे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यानंतर एप्रिल-मे मिळायला हवा, ऊन कडक असतं. पण तेव्हा गच्ची आमच्या काकूंची असते. पापड, कुरडया, सांडगे, लाल मिरच्या. ज्या गच्चीत पोह्याचे पापड वाळताहेत तिथे थिनर उडवणारा माणूस चाळीत राहू शकत नाही. माझं उन्हाळ्याचं वेळापत्रक त्यांच्या वाळवणावर ठरतं, आणि मोबदल्यात डबाभर कुरडया येतात. तक्रार नाही.

रंगाला जोडूनच दुसरा प्रश्न असतो, रंग बदलला की आवाज बदलतो का. अ‍ॅकॉस्टिक गिटारची पातळ फळी असेल तर वरच्या थराने फरक पडतो, कारण तिथे फळीच आवाज देते. इलेक्ट्रिक बेसमध्ये तारांखालच्या पिकअपचं चुंबक तारेची हालचाल टिपतं. खाली भरीव लाकडाचा ठोकळा, त्यावर मिलिमीटरही जाड नसलेला थर. मंडपातल्या स्पीकरमधून तो कोणाला ऐकू येत असेल तर त्या कानाला माझा नमस्कार. फिंगरबोर्डची, म्हणजे नेकवरच्या बोटं दाबायच्या पट्टीची, गोष्ट वेगळी, कारण तिथे तार प्रत्यक्ष टेकते. नावाजलेला बेसवादक जॅको पास्टोरिअसने 1962 च्या जॅझ बेसचा फिंगरबोर्ड फ्रेटशिवाय (त्या आडव्या धातूच्या पट्ट्यांशिवाय) वापरला आणि त्यावर बोटींना लावतात ते इपॉक्सी चढवलं. तारांनी लाकूड खाल्लं जाऊ नये हा हेतू, आणि त्या कडक पृष्ठभागामुळे स्वरही गाणारा झाला. हे ऐकून एकाने मला विचारलं होतं, ससून डॉकला मिळेल का ते. बोटींच्या सामानाच्या दुकानात मिळतं. पण इपॉक्सी नंतर घासून सपाट करायला जो संयम लागतो तो कुठेच विकत मिळत नाही.

तर पावसाळ्यात मी काय करतो? गणपतीत बेस वाजवणाऱ्याला खरं तर ज्याची गरज असते ते. मंडपात एकाच जनरेटरवर रोषणाई, साऊंड, पंखे. सिंगल-कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचा, पिकअप त्या सगळ्याच्या विजेची 50 हर्ट्झची घरघर पकडतो आणि आरतीनंतर दोन गाण्यांमध्ये शांतता झाली की ती स्पीकरमधून ऐकू येते. पिकअप आणि पॉट ज्या पोकळीत बसतात तिथे आतून तांब्याची चिकटपट्टी लावायची, तुकडे एकमेकांना डाग देऊन जोडायचे, आणि सगळं अर्थला जोडायचं. लॅमिंग्टन रोडला पट्टी मिळते. ओलसर हवेत या कामाचं काही बिघडत नाही. पॉट खरखरत असेल तर तोही बदलून टाकावा, जॅझ बेसला 250 किलोओमचा लागतो. जॅझ बेस असेल तर आणखी सोपी युक्ती. त्याचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, दोन्ही आवाज पूर्ण उघडे ठेवले की घरघर आपोआप कापली जाते. एक जरा कमी केला की परत येते. कित्येक वर्षं वाजवणाऱ्यांना हे माहीत नसतं.

नेकचंही पावसाळ्यात बघावं लागतं. लाकूड ओल धरतं, कधी पुढे वाकतं कधी मागे, आणि तारा फ्रेटवर करकरायला लागतात. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली त्याचा बाक सरळ करायची सळई, एका वेळी पाव फेऱ्याच्या पुढे फिरवू नका, आणि फिरवल्यावर रात्रभर बेस तसाच ठेवून मग बघा.

रूपच बदलायचं असेल तर स्क्रॅचप्लेट, म्हणजे बॉडीवर बसवलेली पातळ प्लेट, बदला. काळ्या बेसला पांढरी किंवा कासवाच्या पाठीच्या नक्षीची प्लेट लावली की लांबून नवा वाटतो, अर्ध्या तासाचं काम. माझं स्पष्ट मत आहे की रंग बदलायला आणलेल्या निम्म्या बेसना फक्त हेच हवं असतं. घरच्या घरी लाकडाचा रंगच उघडा ठेवायचा असेल तर डबल बॉइल्ड अळशीचं तेल चोळता येतं, गन लागत नाही. पावसाळ्यात वाळायला फार वेळ घेतं, आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाहीत. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

उरला चपडीचा मार्ग. लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याने चढवायची, आपले जुने पॉलिशवाले करायचे तसं. देखणं होतं. पण बेसवर तासन्‌तास घामेजलेला हात टेकतो आणि मुंबईचा घाम त्याला मानवत नाही, आणि कॉलेजच्या बँडमध्ये बेसच्या आसपास जे पेय सांडतं त्यात तर चपडी सरळ विरघळते.

म्हणून रंग करायचाच असेल तर दिवाळीनंतर आणा. तारा काढून आणू नका. कितपत ताणलेल्या आहेत, नेक कसा बसलाय, कुठे करकरतो, हे मला आधी वाजवून बघायचं असतं. पिशवीत बेसचे सुटे स्क्रू असतील तर ते एका डबीत भरा, पिकअपचे वेगळे आणि प्लेटचे वेगळे, लांबी सारखी नसते. आणि रंग कुठला हवा ते कागदावर किंवा फोनच्या पडद्यावर दाखवू नका, पडद्यावर प्रत्येक लाल वेगळा दिसतो. एखादी वस्तू घेऊन या. परवा एक जण घरच्या आकाशकंदिलाची कड कापून घेऊन आला होता, तो निळा कुर्ल्याच्या दुकानात अगदी तंतोतंत जुळला.