इंदूची वर्षं लावताना

मार्गारिटा मॉन्टिमोर यांची 'उना आउट ऑफ ऑर्डर' ही कादंबरी २०२० साली आली. ब्रुकलिनमधली उना १ जानेवारी १९८३ला १९ वर्षांची होते आणि त्याच मध्यरात्री २०१५ सालात, ५१ वर्षांच्या शरीरात जाऊन पडते. मनाने ती १९ वर्षांचीच असते. पुढे दर १ जानेवारीला तिच्याच आयुष्यातलं भलतंच एखादं वर्ष तिच्या वाट्याला येतं. पुस्तक संपलं आणि एक प्रश्न डोक्यातून जाईना. ही बाई आमच्या देवगडच्या बाजूची असती, तर तिचं वर्ष कधी बदललं असतं? १ जानेवारीला आमच्या वाडीत काही हलत नाही. आमचं वर्ष बदलतं गणेश चतुर्थीला. घर रंगतं, चाकरमानी येतात, कोण आलं, कोण आलं नाही, कोण आता कधीच येणार नाही, ते सगळं त्या एका सकाळी कळतं.

तिथून माझी इंदू सुरू झाली: दर चतुर्थीला आपल्याच आयुष्यातल्या भलत्याच वर्षात जागी होणारी बाई. ती कादंबरी कशी पुरी झाली, ते लिहिते आहे. अशा रचनेची गोष्ट लिहू पाहणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

आधी इंदूचं आयुष्य जन्मापासून सरळ लिहून काढलं. जन्म १९५८, शाळा चौथीपर्यंत, लग्न गिरणीतल्या माणसाशी. १ मे १९८१ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ती दोन मुलांची आई. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षी चतुर्थीला आलेला तिचा नवरा परत मुंबईला गेलाच नाही. २६ जानेवारी १९९८ला रोह्यापासून मंगळूरपर्यंत कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला, तोवर तो भिंतीवरच्या फोटोत गेलेला. हे सगळं कंटाळवाण्या नोंदींसारखं लिहिलं आणि त्यातलं जवळजवळ काहीच पुस्तकात तसं आलेलं नाही. तरी हे काम टाळून चालत नाही. क्रम मोडायचा तर मोडण्यासाठी क्रम हवा.

मग पंचांग घेऊन बसले, आणि इथे मला खरी मजा आली. उनाचं प्रत्येक वर्ष ३६५ दिवसांचं, फार तर ३६६. इंदूचं तसं नाही. चतुर्थी दर वर्षी ११ दिवसांच्या आसपास अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. २०२२ साली ती ३१ ऑगस्टला होती. २०२३ला अधिक श्रावण आला आणि ती १९ सप्टेंबरवर गेली. मग २०२४ला ७ सप्टेंबर, २०२५ला २७ ऑगस्ट. म्हणजे इंदूचं एखादं वर्ष ३५४ दिवसांचं, तर एखादं ३८४ दिवसांचं. लांब वर्षं कुणासोबत द्यायची आणि आखूड कुणासोबत, हा निर्णय माझ्या हातात नव्हता, पंचांगाने तो आधीच करून ठेवला होता. जुनी पंचांगं धुंडाळताना मला ते फार आवडलं. लेखक नेहमी आपल्या पात्रांवर मेहेरबानी करायला बघतो, इथे ती सोयच राहिली नाही.

पूर्ण वर्षाची उडी का, हेही सांगते. कर्ट व्हॉनेगट यांच्या 'स्लॉटरहाउस-फाइव्ह'मध्ये (१९६९) बिली पिलग्रिम कधीही, कुठूनही काळात घसरतो. तिथे ते शोभतं. व्हॉनेगट स्वतः फेब्रुवारी १९४५मध्ये ड्रेस्डेनला युद्धकैदी होते, शहर बेचिराख होताना ते कत्तलखान्याच्या तळघरात होते. अशी आठवण रांगेत उभी राहत नाही. माझ्या इंदूला मात्र घर सांभाळायचं आहे. पेरणी, लावणी, कापणी, आंब्याचा मोहर, फणस, आगोटीची बेगमी एवढं सगळं ज्या माणसांबरोबर केलं, ती माणसं कळायला पुरतं एक वर्ष लागतं.

उना दर उडीच्या आधी पुढल्या स्वतःसाठी पत्र ठेवते. इंदूचं लिहिणं चौथीपुरतं. ती 'कालनिर्णय'च्या चौकटींत लिहिते: दुधाचा हिशेब, सिलिंडरची तारीख आणि त्यातच एखादा शब्द स्वतःसाठी. पण मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' सुरू केलं १९७३ साली. त्याच्या आधीच्या वर्षांत ती कुठे लिहिणार? दाराआड भिंतीवर कोळशाने. आणि भिंत तर चतुर्थीआधी रंगवतात! म्हणजे जिथे उडी, तिथेच निरोप पुसलेला. हे सुचलं त्या दिवशी मला कादंबरीचा पूर्वार्ध मिळाला. लहानपणीची वर्षं इंदूला आंधळी जगावी लागतात आणि पुढच्या वर्षांत तिच्याकडे चौकटीतले तुटक शब्द असतात.

सकाळी डोळे उघडल्यावर आपण कुठल्या साली आहोत, हे तिला कळावं कसं? तारीख लिहून टाकणं मला नको होतं. उत्तर घरातच मिळालं. चतुर्थीला गणपतीच्या वर माटवी बांधतात. कवंडाळ, शेरवड, आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचा घड, सगळं सुतळीने लाकडी चौकटीला. स्टुलावर उभं राहून ती कोण बांधतंय, त्यावरून इंदू साल ओळखते. सासरे असले तर जमीन शेणाने सारवलेली. दीर असला तर कोबा. मुलगा असला तर लादी आणि वर विजेच्या माळा. एका वर्षी पैसे देऊन आणलेला पोरगा बांधतो, आणि तिला तो कोण ते विचारवत नाही.

नवऱ्याचं प्रकरण मी याच माटवीवर तोललं. इंदू १९९९चं वर्ष आधी जगते. लग्न अजून तिच्या अनुभवात झालेलंच नाही, आणि भिंतीवर चंदनाचा हार घातलेला एका माणसाचा फोटो आहे. वर्षभर ती त्या फोटोखाली दिवा लावते, लोक सांगतात तसं. पुढल्या चतुर्थीला डोळे उघडतात ते १९८२मध्ये. स्टुलावर तोच माणूस, घामाने बनियन पाठीला चिकटलेलं, तोंडात सुतळीचं टोक. तो वळून म्हणतो, "गो, बघतंस काय? सुतळी दी हय." ती सुतळी देते. एवढंच ठेवलं. आधीच्या खर्ड्यात इंदू रडत होती, त्याला हात लावून बघत होती. ते सगळं काढलं. ती फक्त त्याचे हात बघते, कारण फोटोत हात नव्हते. ज्याचं दुःख आधी करून झालं, त्याच्यावर नंतर प्रेम बसणं, हे मला या कादंबरीतून लिहायचं होतं. बाकी रचना त्यासाठी उभारली.

एक वेगळी वही केली. त्यात प्रत्येक प्रकरणापुढे दोनच गोष्टी: इंदूला काय माहीत आहे आणि घरच्यांना तिच्याबद्दल काय माहीत आहे. उनाचं गुपित एक-दोघांतच राहतं, शहरात ते जमतं. वाडीत कसं राहील? दर चतुर्थीला ही बाई माणसं विसरते, न झालेल्या गोष्टी बोलते, हे दुसऱ्याच वर्षी विहिरीवर पोचणार. मग देवळात गाऱ्हाणं होणार, कौल लावणार. मी ते सगळं येऊ दिलं. हळूहळू वाडीला तिची सवय होते, आणि चतुर्थीच्या सकाळी शेजारीण येऊन तिला घरातल्यांची नावं सांगून जाते. हे पान माझं सगळ्यात लाडकं आहे.

प्रकरणं आत्याला वाचून दाखवत होते. तिने ऐकता ऐकता विचारलं, "मराचा वरीस मधीच इला तर ती फुडच्या चतुर्थीक उठतली कशी?" खरंच, कशी? मरणाच्या वर्षात पुढची चतुर्थी येतच नाही. म्हणजे बाकी वर्षं कशीही पिसली तरी ते एक वर्ष शेवटीच जगावं लागणार. माझ्या मांडणीत ते शेवटी होतंच, पण कारण आत्याने दिलं. आणि त्यातून आणखी एक निघालं: न जगलेलं वर्ष शिल्लक आहे तोवर इंदूला मरणाची भीती नाही. फक्त किती शिल्लक आहेत, ते तिला मोजता येत नाही. आत्या म्हणाली, "मोजूक कोणाक येता?" आणि वाती वळत बसली.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला २०२०च्या प्रकरणाने. चतुर्थी २२ ऑगस्टला, पुढची १० सप्टेंबर २०२१ला. अधिक आश्विन धरून ३८४ दिवस. पितृपक्ष संपला तरी घट बसायला महिना लागला. चाकरमानी विलगीकरणात, माटवी बांधायला इंदू एकटी. आणि अक्षय तृतीयेनंतर दोनच दिवसांनी, १६ मेला, तौक्ते चक्रीवादळ. झाडावरचा हापूस आडवा, कौलं अंगणात. इतकं सगळं त्याच लांब वर्षात आलं. मी जुळवलं असतं तर कुणी म्हटलं असतं, फार झालं.

हे प्रकरण पुस्तकात कुठे ठेवायचं, यावर बरेच दिवस गेले. शेवटी ते १९८२च्या लगेच पुढे ठेवलं आहे. नवऱ्याबरोबर एक वर्ष राहून इंदू थेट त्या एकटीच्या घरात येते, आणि स्टुलावर स्वतः चढते. सुतळीची गाठ कशी मारायची, ते तिला आदल्याच वर्षी त्याने दाखवलेलं असतं. आत्याचं म्हणणं, गाठीचं वर्णन अजून नीट नाही. या चतुर्थीला भावाला माटवी बांधताना बघून ते पुन्हा लिहीन, मग हस्तलिखित टायपिंगला देईन.