डिझेलमधलं तांबं आणि काकांची तोटी

एमएस्सीच्या प्रोजेक्टला सरांनी विषय दिला, मच्छीमार बोटींच्या डिझेलमधलं तांबं. तांब्याचा नुसता अंश असला तरी डिझेल लवकर खराब होतं, चिकट गाळ धरतं आणि फिल्टर चोंदतात. १ जूनला मासेमारी बंद होते म्हणून मे महिन्यातच रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर गेलो. तांडेल काकांना वाटलं मी भेसळ पकडायला आलोय, तांबं म्हटल्यावर हसायलाच लागले, पण कॅनच्या तोटीची पहिली धार बाटलीत धरून दिली.

आता तांबं मोजायचं ते सेलमध्ये, म्हणजे इलेक्ट्रोड बुडवलेल्या भांड्यात, करंट मोजून. डिझेल त्यात थेट ओतून चालत नाही, त्यातून करंटच जात नाही. मग कोमट पातळ नायट्रिक ॲसिडबरोबर ते हलवायचं म्हणजे धातू खालच्या पाण्यात उतरतात. माझं पहिल्या वेळी पार ताक झालं, रात्रभर थर सुटेनात! जोरात हलवायचं नसतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग त्या पाण्यात ॲसिटेट बफर (आंबटपणा स्थिर ठेवायला), १० मिनिटं नायट्रोजन (नाहीतर विरघळलेला ऑक्सिजन मध्ये तडमडतो), पाऱ्याची फिल्म दिलेल्या इलेक्ट्रोडवर मायनस १.२ व्होल्टला धातू गोळा करायचे आणि व्होल्टेज वर नेत एकेक सोडवायचा, शिसं मायनस ०.४ च्या आसपास सुटतं, तांबं शून्याजवळ. सुटताना करंटचा जो उंचवटा दिसतो तो पीक, जितका मोठा तितका धातू जास्त.

तांब्याचा पीक आला तो स्क्रीनच्या बाहेर. मी खूश, सर म्हणाले ब्लँक केलास का, म्हणजे डिझेल न घालता हेच सगळं? केला, तो स्वच्छ. मग दोन दिवस डोकं खाजवलं आणि एकदम ती तोटी आठवली, पितळेची! पण पितळ म्हणजे जस्तपण हवं, आणि जस्ताचा पीक तर एवढासा. सर म्हणाले, पाऱ्यात जस्त आणि तांबं एकमेकांना धरून बसतात, जस्ताचा पीक खचतो आणि तांब्याचा फुगतो. मग मायनस ०.६ लाच गोळा केलं, तिथे जस्त येतच नाही. पीक उतरला, तरी मोठाच होता.

परत बंदरावर. यावेळी ॲसिडात भिजवून धुतलेली प्लॅस्टिकची बाटली आणि थेट टाकीतून नळीने काढलेलं डिझेल. पीक इतका बारका की तीनदा मोजून माहीत असलेलं तांबं घालून, वाढत्या पीकची आलेखावर रेघ मारून आकडा काढावा लागला.

काकांनी तोटी बदललीय. नवी प्लॅस्टिकची गळते म्हणून मला शिव्या घालतात.