डी-७ मधली पेशी

आज अखेर सापडली! गेले दहा दिवस एकाच पेशीच्या मागे लागले होते. डेंगीची लागण केलेल्या हजारो पेशींतली ही एक, अक्षरं-आकडे कोरलेल्या काचेवर डी-७ च्या चौकटीत बसलेली. प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली तिच्यातलं, चमकणारी खूण लावलेलं विषाणूचं प्रथिन हिरवंगार दिसत होतं. पण हिरवा ठिपका 'इथे आहे' एवढंच सांगतो. डेंगीचा विषाणू जेमतेम ५० नॅनोमीटरचा, आणि प्रकाशात साधारण २०० पेक्षा लहान काही स्पष्ट दिसत नाही. म्हणून तीच पेशी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायची: आधी ऑस्मियम या जड धातूच्या द्रावणाने काळी करायची, रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थात) पक्की बसवायची आणि हिऱ्याच्या सुरीने ७० नॅनोमीटरचे काप काढायचे. काप पाण्यावर तरंगतात, चंदेरी दिसले की जाडी बरोबर. ते हलवायला साधन काय, तर काडीला चिकटवलेला पापणीचा केस! (आई म्हणाली, "यासाठी एवढं शिकलीस?")

सकाळचे दोन तास मात्र फुकट गेले. प्रेझेंटेशनसाठी फोटो मीच उलटा फिरवला होता आणि साफ विसरले. भलत्याच शेजारणीला शोधत बसले.

चारच्या सुमारास इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या पडद्यावर, हिरव्या ठिपक्याच्याच जागी, आंतर्द्रव्यजालिकेच्या (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याच्या) पटलात गोल गोल कप्पे दिसले, ९० नॅनोमीटरच्या आसपासचे. विषाणू आपल्या आरएनएच्या (म्हणजे त्याच्या जनुकीय मजकुराच्या) नकला इथे काढतो, पेशीच्या पहारेकऱ्यांची नजर चुकवून. शेजारीच तयार विषाणू, मोहरीच्या दाण्यांसारखे ओळीत.

दोन्ही फोटो एकावर एक ठेवले तर हिरवा ठिपका किंचित सरकलेला; रेझिनमध्ये पेशी आकसते ना. उद्या जुळवते. डबा तसाच राहिलाय, भाजी आंबली असणार.